ऑनलाइन मसाला विकायचाय? आधी एका खोक्याचा हिशोब, मग ध्येय

पहिल्या वर्षी वहीच्या पहिल्याच पानावर मी लाल पेनाने लिहिलं होतं: ‘दिवाळीच्या महिन्यात १ लाखाची विक्री.’ कांदा-लसूण मसाला, भाजणी, दोन चटण्या असे संच केले, सवलत लावली, कुरिअर फुकट दिलं. विक्री १ लाख ४ हजारांची झाली. घरात पेढे वाटले. तुळशीचं लग्न उरकल्यावर हिशोबाला बसले, तर उरलं काहीच नव्हतं, उलट मिरचीवाल्याचेच नऊ हजार द्यायचे होते.

मेहनतीत काही कमी पडलं नव्हतं. आकडाच चुकीचा निवडला होता. विक्री वाढवायची असं ठरवलं की माणूस भाव पाडतो, खोकी फुकट पाठवतो, आणि आकडा गाठल्याचं समाधान मात्र पुरेपूर मिळतं. नंतर ते पान फाडलं आणि उलट्या बाजूने सुरुवात केली. ती पद्धत खाली दिली आहे. उदाहरण माझ्याच धंद्याचं, म्हणजे कोल्हापुरी कांदा-लसूण मसाल्याचं. तुम्ही लोणची विका, गोधड्या विका नाहीतर हाताने केलेले साबण, आकडे तुमचे घाला. भाव गावागणिक बदलतात, त्यामुळे माझे आकडे फक्त हिशोब कळावा म्हणून.

१. किती बुडाले तर चालतील, ते आधी लिहा

विक्रीचं ध्येय नंतर. पहिला आकडा हा, की पूर्ण बुडाले तरी घरचा किराणा, फी आणि हप्ता यांना धक्का लागणार नाही अशी रक्कम किती. नवऱ्याला, सासूबाईंना, जो कोणी घरचा हिशोब बघतो त्याला समोर बसवून लिहा, कारण सहा महिन्यांनी ‘मी म्हटलंच होतं’ हे वाक्य तिथूनच येणार असतं. मी ४५ हजार लिहिले. पाटल्या मोडून पहिली मिरची घेऊ नका. पहिल्या वर्षीचा माल हा शिकण्याचा माल असतो.

मसाल्याच्या धंद्यात ही रक्कम विशेष महत्त्वाची, कारण पैसे वर्षभर अडकतात. मिरची घ्यायची उन्हाळ्याच्या तोंडावर, एप्रिल-मे मध्ये वाळवायची, भाजायची, डंकावर कुटून आणायची, आणि मग तीच पुढे विकायची. पावसाळ्यात माल संपला तर ऊनच नाही, नवा करणार कशावर? म्हणजे वर्षाचं ध्येय खरं तर मे महिन्यातच ठरून जातं. बरणीत जेवढं आहे तेवढंच विकता येतं.

२. एका खोक्याचा हिशोब मांडा

या लेखातली ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. बाकीच्या वाचल्या नाहीत तरी चालेल.

आधी तयार मसाल्याचा किलोचा खरा खर्च काढा. इथे बहुतेक जण फसतात. ब्याडगी मिरची रंगाला, संकेश्वरी तिखटाला, असं करून गडहिंग्लजच्या बाजारातून १० किलो आणली, तर देठ काढल्यावर, उन्हात कडक झाल्यावर, भाजल्यावर ती १० किलो राहत नाही. डंकाच्या पत्र्यालाही थोडं चिकटून राहतं. म्हणून मिरचीचा भाव धरून गणित करू नका. मिरची, धणे, खोबरं, तीळ, कांदा, लसूण, तेल, खडा मसाला, गॅस, कांडपाची मजुरी, रिक्षा, सगळ्याची बेरीज करा. तयार मसाला तोला. भागाकार करा. माझा आकडा किलोला ४२० रुपये आला, तोपर्यंत मी मनात ३०० धरून चालले होते.

आता २०० ग्रॅमचा एक पाऊच, किंमत २१० रुपये, कुरिअर त्यातच:

मसाला ८४ रुपये
पाऊच आणि लेबल १२ रुपये
भरायला, सील करायला मदतीला येणाऱ्या ताईंची मजुरी १४ रुपये
खोकं, टेप, आतला कागद १४ रुपये
कुरिअर, अर्ध्या किलोपर्यंत ६० रुपये
ऑनलाइन पैसे घेण्याचा खर्च, २ टक्के आणि त्यावर जीएसटी, साधारण ५ रुपये

उरले २१ रुपये.

हाच हिशोब एका खोक्यात दोन पाऊच गेले तर करून बघा. मिळाले ४२०. मसाला, पाऊच, मजुरी दुप्पट, म्हणजे २२०. पण खोकं एकच आणि कुरिअरही एकच, ते ७४. पैसे घेण्याचा खर्च १०. उरले ११६.

एका पाऊचला २१, दोनला ११६. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी दोनदा बेरीज तपासली, मग बारावीतल्या मुलाकडून तपासून घेतली. त्याच दिवशी ‘महिन्याला इतक्या ऑर्डरी’ हे ध्येय खोडलं आणि ‘एका खोक्यात दोन पाऊच’ हे लिहिलं. एकट्या पाऊचला कुरिअर वेगळं लावलं, जोडीला फुकट ठेवलं. गिऱ्हाईक आपणहून जोडी घेऊ लागलं.

इथला खड्डा वजनाचा आहे. आधी माझे पाऊच २५० ग्रॅमचे होते. दोन पाऊच म्हणजे बरोबर अर्धा किलो, आणि खोक्याचं वजन धरलं की अर्ध्या किलोच्या वर. कुरिअरवाला लगेच पुढच्या टप्प्याचे पैसे लावतो. म्हणून २०० ग्रॅम. शिवाय खोकं मोठं असेल तर कुरिअर कंपन्या आकारावरून वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि सहसा ५००० ने भागायचं. २० बाय १५ बाय १० चं खोकं आत कापूस भरला असला तरी ६०० ग्रॅमचं धरलं जातं. १८ बाय १२ बाय ८ चं साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे मग प्रत्यक्ष वजन लागू. खोकी घाऊक घेण्याआधी पट्टी घेऊन बसा. मी दोनशे खोकी घेतल्यावर बसले. त्यातली काही अजून माळ्यावर आहेत, त्यांत दिवाळीच्या पणत्या ठेवते.

३. आता ध्येय काढा

स्वतःला महिन्याला किती हवेत ते लिहा. समजा १२,०००. त्यात दर महिन्याचा ठरलेला खर्च मिळवा: वेबसाइट, इंटरनेट, सटरफटर, धरा १,८००. झाले १३,८००.

एकेक पाऊच विकून हे गाठायला महिन्याला साडेसहाशेच्या वर खोकी लागतात. जोडीने विकलं तर ११९. स्वयंपाकघर तेच, हात तेच.

पण थांबा, अजून खाली उतरायचंय. ११९ खोकी म्हणजे २३८ पाऊच, म्हणजे महिन्याला सुमारे ४८ किलो, म्हणजे वर्षाला ५७० किलोच्या पुढे. ४२० ने गुणलं तर २ लाख ४० हजार रुपये मे महिन्यातच घालायचे. पहिल्या पायरीवर मी लिहिले होते ४५ हजार. म्हणजे महिन्याला १२ हजारांचं ध्येय पहिल्या वर्षी माझं नव्हतंच.

४५ हजारांत साधारण १०० किलो होतो. ५०० पाऊच, २५० जोड्या. एका जोडीला ११६ धरले तर वर्षाला २९,०००. त्यातून वेबसाइटसकट वरखर्च २१,६०० गेला की हातात ७,४०० उरतात. वर्षभर राबून सात हजार! मग पहिल्या वर्षी वेबसाइट कशाला? व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग फुकट लावता येतो. पैसे यूपीआयने थेट खात्यावर घेतले तर ते १० रुपयेही वाचतात. वरखर्च महिन्याला ३०० वर आला. तोच माल, तेच गिऱ्हाईक, आणि हातात २७,९००.

तर माझं दुसऱ्या सुरुवातीचं ध्येय असं होतं: ‘पुढच्या एप्रिलपर्यंत १०० किलो, २५० जोड्या, वेबसाइट नाही.’ बघायला अगदीच साधं. मैत्रीण म्हणाली, एवढंसं काय लिहिलंस? पण तो आकडा बेरीज-वजाबाकीतून आला होता, त्यामुळे तो का गाठला नाही हेही नंतर सांगता आलं असतं.

४. कागदपत्रं: ध्येयाची हद्द इथे ठरते

यादी आधी:

- आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो, बँक खातं (घरखर्चाचं नको, वेगळं)
- एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी
- उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी)
- जीएसटी, लागू असेल तर
- लेबलचा नमुना
- छापा मारलेला वजनकाटा

एफएसएसएआयची नोंदणी अन्नपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाला लागते, घरून विकणाऱ्यालाही. मी २०२३ मध्ये काढली तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला साधी नोंदणी होती आणि फी वर्षाला १०० रुपये. अर्ज फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर घरबसल्या होतो. १४ अंकी क्रमांक मिळतो, तो लेबलवर छापायचा. एका एजंटने मला याचे साडेतीन हजार सांगितले होते. उद्यम नोंदणी तर पूर्ण फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते. पैसे मागणारी, सरकारी वाटावी अशी पानं शोधात वर येतात, पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का ते बघूनच माहिती भरा.

आता जीएसटी, आणि ध्येयाचा इथे थेट संबंध येतो. माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते हे: मसाल्यासारखा करपात्र माल राज्याबाहेर विकलात तर उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी घ्यावीच लागते. म्हणजे कोल्हापुरातून गडचिरोलीला पाठवलं तर प्रश्न नाही, आणि तासाभरावरच्या निपाणीला पाठवलं तर आहे, कारण निपाणी कर्नाटकात. बेळगाव आणि पणजी इथे आपला मसाला मागणारी मराठी घरं भरपूर, आणि मी पहिल्या वर्षी त्यांना न कळत पाठवतही होते. सीएने कपाळाला हात लावला.

मोठ्या ऑनलाइन बाजारांवर विकायचं असेल तर त्यांचे नियम, कमिशन आणि जीएसटीच्या अटी वेगळ्या, तो हिशोब दुसऱ्या पायरीसारखाच पण त्यांचं कमिशन घालून नव्याने मांडा. पहिल्या वर्षाचं ध्येय लिहिताना म्हणून हद्द लिहा: ‘फक्त महाराष्ट्र’ किंवा ‘नोंदणी घेऊन सगळीकडे’. दोन्ही चालतं, अधांतरी राहणं चालत नाही. नोंदणी घेतली की विवरणपत्रं भरणं आणि सीएची फी हा ठरलेला खर्च वाढतो, तो तिसऱ्या पायरीच्या बेरजेत घाला.

परदेशातल्या भाच्याच्या मित्रांना पाठवायची हौस पहिल्या वर्षी बाजूला ठेवा. विक्रीसाठी निर्यात करायला आयईसी (आयात-निर्यातीचा सरकारी) क्रमांक लागतो, आणि अमेरिकेत अन्न पाठवताना तिथल्या एफडीएला, म्हणजे अन्न-औषध खात्याला, आधी सूचना द्यावी लागते. पुढे होईल.

लेबलवर काय हवं: पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, बनवल्याचा किंवा भरल्याचा महिना-वर्ष, कधीपर्यंत वापरावा, बॅच क्रमांक, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, एफएसएसएआय क्रमांक. लेबलं एकदम हजार छापू नका. वजन २५० चं २०० झालं तेव्हा माझी सातशे लेबलं रद्दीत गेली. आणि स्वयंपाकघरातला काटा विक्रीला चालत नाही, वैधमापन विभागाचा छापा लागतो.

५. पहिले ९० दिवस: दुसरी ऑर्डर मोजा

पहिल्या महिन्यात ऑर्डरी येतात त्या पाव्हण्यांच्या. मावसबहीण, शाळेतल्या मैत्रिणी, नवऱ्याच्या ऑफिसातले. त्या प्रेमापोटी येतात आणि एकदाच येतात. त्यावरून वर्षाचा अंदाज बांधला तर तिसऱ्या महिन्यात धडकी भरते. वहीत ओळखीच्यांचा रकाना वेगळा करा आणि ध्येयात तो धरूच नका.

मी ९० दिवसांसाठी दोनच ओळी लिहिल्या होत्या. अनोळखी ३० घरं. त्यांतली १० पुन्हा मागवणारी.

दुसरी ओळ पहिलीपेक्षा मोलाची. पुन्हा मागवणाऱ्या गिऱ्हाइकाला शोधायला खर्च नसतो, आणि तो मसाला आवडला हे तोंडाने नाही, पैशाने सांगतो. ‘खूप छान आहे हो ताई’ म्हणून हात जोडणारी चिन्हं पाठवणाऱ्या कितीतरी जणी पुन्हा आल्या नाहीत. एकीने मात्र ‘मीठ जरा जास्त वाटलं’ असं कळवलं, आणि ती आजतागायत घेते.

धीर धरा. २०० ग्रॅम मसाला चार माणसांच्या घरात महिना-दीड महिना जातो. तिसऱ्या आठवड्यात ‘कोणी परत येत नाही’ म्हणून रडत बसायचं काही कारण नाही, पहिला डबा संपलाच नसतो. तुमची वस्तू किती दिवसांत संपते ते आधी लिहा आणि तेवढे दिवस गेल्यावरच मोजा. साबण लवकर संपतो. गोधडी दहा वर्षं संपत नाही, तिथे ‘हिने दुसरीला सांगितलं का’ हे मोजावं लागेल.

६. लाइक, व्ह्यू आणि फॉलोअर ध्येयात लिहू नका

डंकावर मिरची कुटतानाचा माझा एक व्हिडिओ इन्स्टाग्रामवर चाळीस हजार जणांनी पाहिला. ऑर्डरी आल्या सहा. त्यांतल्या चार राज्याबाहेरच्या, म्हणजे पाठवता न येणाऱ्या.

त्याऐवजी मी मोजते, किती जणांनी माझा नंबर सेव्ह केला. व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्टचा, म्हणजे यादीतल्या सगळ्यांना एकदम पाठवलेला, संदेश फक्त ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर जतन आहे त्यांनाच पोचतो. दोनशे जणांची यादी केली आणि पन्नास जणांनीच नंबर ठेवला असेल, तर तुम्ही पन्नास जणांशीच बोलताय. म्हणून प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी जाते: पिठल्यात हा मसाला कसा घालायचा त्याची चार ओळींची कृती, आणि खाली ‘नवीन मसाला कधी तयार होईल ते कळायला हा नंबर जतन करा’. कृतीमुळे चिठ्ठी फेकली जात नाही, फ्रिजवर लागते.

‘महिन्याला शंभर ऑर्डरींची हमी’ देणारे फोन येतील. उचलून ठेवून द्या. तसेच मोठी ऑर्डर देऊन ‘पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा’ म्हणणारे येतील, बऱ्याचदा सैन्यात आहोत असं सांगून. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे तुमचेच जाणार.

माल हातात आल्यावर पैसे, ही सोय पहिल्या वर्षी देऊ नका, असं माझं ठाम मत आहे. वाद घालणारे घालतील. परत आलेल्या खोक्याचं जातानाचं कुरिअर तुमचं, येतानाचंही बहुधा तुमचंच, आणि ११६ रुपयांची कमाई असलेल्या धंद्यात असं एक खोकं पुढच्या खोक्याची कमाई खाऊन टाकतं. पहिल्या दिवाळीला माझी एकोणीस परत आली होती. त्यांतली दोन फुटलेली.

७. वही कशी ठेवायची

ॲप वगैरे नंतर. शंभर पानी वही, आडव्या ओळी. रकाने: तारीख, नाव, गाव, ओळखीचं की अनोळखी, किती पाऊच, मिळाले किती, कुरिअर किती गेलं, कितवी ऑर्डर. बस. रविवारी रात्री पंधरा मिनिटं बेरीज. ज्या आठवड्यात बेरीज करायचा कंटाळा येतो, त्या आठवड्यात बहुतेक गडबड असते.

आणि एक रकाना मी दुसऱ्या वर्षी वाढवला: तास. मजुरीच्या १४ रुपयांत ताईंचे पैसे आहेत, माझे नाहीत. सुरुवातीला एका जोडीमागे माझी पंचवीस मिनिटं जात होती, त्यातली बरीच ‘ताई, पत्ता पाठवा’, ‘पिनकोड राहिला’ यातच. तयार संदेश करून ठेवला, पंधरावर आलं. तुमचे तास मोजले नाहीत तर धंदा नफ्यात आणि तुम्ही पाठदुखीत.

८. थांबायची रेषा

ध्येयाच्या पानाच्या मागच्या बाजूला हे लिहायचं, आणि सुरुवातीलाच, कारण पैसे अडकल्यावर कोणाचंच डोकं थंड नसतं. माझ्या मागच्या पानावर तीन ओळी आहेत:

दिवाळीपर्यंत निम्मा माल गेला नाही तर उरलेला ओळखीच्या दुकानदाराला घाऊक भावात, आणि पुढच्या उन्हाळ्यात पन्नासच किलो.

सहा महिन्यांत पुन्हा मागवणारी १० घरं झाली नाहीत तर चव किंवा भाव बदलायचा, जाहिरात वाढवायची नाही.

४५ हजारांच्या वर घरातून एक रुपयाही नाही.

पहिली ओळ त्या वर्षी लागू पडायला आली होती. दसऱ्याला ४४ किलो गेला होता. दिवाळीत मग ना सवलत, ना संच, फक्त जोडी, आणि नंबर जतन केलेल्यांना एक संदेश. पाडव्याला ६१ वर गेलं. बाकीचा फेब्रुवारीपर्यंत संपला, अनोळखी घरं ८३, पुन्हा मागवणारी २९.

मग जीएसटीची नोंदणी घेतली. निपाणीच्या एका काकूंना फोन करून सांगितलं, आता पाठवते.